आम्लात सुटणारं कर्करोगाचं औषध: झिफ-८ चे नॅनोकण बनवायचे कसे आणि खरं मोजायचं कसं

शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडून तसाच राहिला, तर दुसऱ्या दिवशी तिथे पांढुरका, खरखरीत डाग दिसतो. कितीही घासला तरी जात नाही, कारण तो डाग नसतोच. तेवढा दगड आम्लाने खाल्लेला असतो. त्याच फरशीवर पाणी सांडलं तर काही होत नाही. आम्लाला ओळखणारे औषधवाहक नॅनोकण याच तत्त्वावर बेतलेले आहेत. रक्तात दगडासारखं टिकायचं, आम्ल भेटलं की विरघळायचं आणि पोटातलं औषध सोडायचं.

सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.ची पहिली पायरी म्हणून हा विषय घेणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. वाहक म्हणून झिफ-८ घेतला आहे. जस्ताचे आयन आणि २-मिथाइलइमिडाझोल यांची ही जाळी पाण्यात, साध्या स्टररवर, ऑटोक्लेव्ह किंवा नायट्रोजन सिलिंडरशिवाय तयार होते. औषध डॉक्सोरुबिसिन, कारण ते लाल आहे आणि चमकतं, म्हणजे साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवरही मोजता येतं. कण एका दुपारी होतात. पण औषध खरोखर आम्लामुळेच सुटलं हे सिद्ध करायला महिना लागतो, आणि बहुतेक प्रकल्प तिथेच घसरतात. म्हणून इथे बनवण्यापेक्षा मोजण्यावर जास्त लिहिलं आहे. हे कण फक्त प्रयोगशाळेसाठी आहेत. कोणत्याही रुग्णाला द्यायचे नाहीत.

कुठल्या आम्लासाठी बनवताय, ते आधी ठरवा

रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ असतो. कर्करोगाच्या गाठीत पेशींबाहेरच्या द्रवाचा साधारण ६.५ ते ६.९. ऑक्सिजन मिळत असूनही या पेशी ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करतात. ओटो वॉरबर्ग यांनी हे १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. कण पेशीने गिळला की तो आधी एंडोसोममध्ये (गिळलेला माल आत नेणाऱ्या पिशवीत) जातो, तिथे पीएच ६ च्या आसपास, आणि पुढे लायसोसोममध्ये (पेशीच्या पचनाच्या पिशवीत), तिथे ४.५ ते ५.

पीएच हे लॉगरिदमचं माप आहे हे परीक्षेत सगळ्यांना आठवतं, प्रयोग आखताना विसरतं. ७.४ वरून ६.८ वर आलो की हायड्रोजन आयन फक्त चौपट होतात. ७.४ वरून ४.७ वर आलो की पाचशे पट. चौपट फरक ओळखणारा कण बनवणं फार अवघड, पाचशे पट ओळखणारा त्या मानाने सोपा. झिफ-८ दुसऱ्या प्रकारचा आहे. तो लायसोसोममध्ये उघडतो. तेव्हा प्रबंधात ‘गाठीच्या आम्लात औषध सुटतं’ असं सरसकट लिहू नका. ‘पेशीच्या आत, लायसोसोमच्या पीएचला सुटतं’ असं लिहा आणि तेवढंच सिद्ध करा. तेवढंसुद्धा पुष्कळ आहे.

आणखी एक, कारण घरचे लोक हमखास विचारतात: अल्कलाइन पाणी पिऊन गाठीचं आम्ल मारता येत नाही. रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि मूत्रपिंडं अगदी अरुंद पट्ट्यात धरून ठेवतात. विषय नॅनोकणांचा असला तरी हे उत्तर स्पष्ट द्यावं.

सामान आणि पाणी

झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट घ्या. ते हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात बाटली उघडी राहिली की त्याचा अक्षरशः लगदा होतो आणि वजन चुकतं. पटकन तोला, लगेच झाकण लावा. २-मिथाइलइमिडाझोल क्षारधर्मी आणि त्वचेला घातक आहे, हातमोजे हवेतच.

डॉक्सोरुबिसिन हायड्रोक्लोराइड शक्यतो शुद्ध पावडर म्हणून मागवा. औषध दुकानातली सुकी वायल घेणार असाल, तर तिच्यावरचा मजकूर पूर्ण वाचा. अशा बऱ्याच वायलमध्ये १० मिग्रॅ औषधाबरोबर ५० मिग्रॅ लॅक्टोज असतो. त्या पावडरीतलं १० मिग्रॅ तोललं, तर हातात औषध जेमतेम दीड-दोन मिग्रॅ येतं आणि पुढचं सगळं गणित पाच-सहा पटींनी चुकतं.

पाण्याची गोष्ट सोलापुरात महत्त्वाची. बोअरचं पाणी जड आहे आणि आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड पाणी नव्हे. त्यात क्षार उरतातच. काचेच्या यंत्रातलं, दोनदा डिस्टिल केलेलं पाणी वापरा. नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून डिस्टिल्ड पाणी कॅनमध्ये आठवडाभर साठवून ठेवण्याची पद्धत पडते. असं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पीएच ५.६ च्या आसपास उतरतं आणि कॅनच्या तळाशी शेवाळही धरतं. बफरसाठी (पीएच स्थिर धरणाऱ्या द्रावणासाठी) ताजं पाणी घ्या, नाहीतर उकळून झाकून गार करा.

पहिले तीन घाणे औषधाशिवाय काढा, पुढचे दोन ऱ्होडामिन-बी हा रंग घालून. रंगावर हात बसला की मगच डॉक्सोरुबिसिनला हात लावा. हे औषध महाग आहेच, शिवाय पेशी मारणारं आहे; शिकाऊ हाताने सांडण्यासारखं नाही.

कण बनवणं

२ ग्रॅम २-मिथाइलइमिडाझोल ८ मिली पाण्यात विरघळवा आणि स्टररवर मिनिटाला ५०० फेऱ्यांवर ठेवा. दुसऱ्या नळीत २०० मिग्रॅ झिंक नायट्रेट १ मिली पाण्यात, तिसरीत १० मिग्रॅ डॉक्सोरुबिसिन २ मिली पाण्यात. औषधाची नळी फॉइलमध्ये गुंडाळा, उजेडात ते खराब होतं. आता औषध जस्ताच्या द्रावणात मिसळा, दोन-तीन मिनिटं हलवा आणि हे मिश्रण ढवळत असलेल्या इमिडाझोलमध्ये एकदम ओता. मिनिटा-दोन मिनिटांत दूध फाटल्यासारखा गढूळपणा येतो आणि लाल रंग जांभळट होतो. हा जांभळटपणा दोन कारणांनी येतो: द्रावण अल्कलीधर्मी आहे आणि डॉक्सोरुबिसिन जस्ताला धरतं. घाबरू नका, पण हा रंग लक्षात ठेवा. मोजताना तोच फसवतो.

१५ मिनिटांत थांबवा. जास्त वेळ ठेवलं तर अल्कलीत औषध मोडायला लागतं.

जस्त आणि इमिडाझोल यांचं हे प्रमाण मोलमध्ये १ ला साधारण ३६ आहे. मिथेनॉलमध्ये बनवायच्या कृतीत १ ला ८ पुरतं. मिथेनॉलची ती कृती वाचून तेच १ ला ८ पाण्यात वापरलं की झिफ-एल नावाची वेगळीच, पानासारखी चपटी आणि मायक्रॉनमध्ये मोजावी लागणारी रचना मिळते. पावडर तशीच पांढरी, उत्पन्नही भरपूर, म्हणून संशय येत नाही. चूक एक्स-रे डिफ्रॅक्शनचा (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखण्याच्या चाचणीचा) कागद आल्यावर कळते. झिफ-८ चे खुणेचे उंचवटे तांब्याच्या क्ष-किरणांनी टू-थीटा ७.३, १०.४ आणि १२.७ अंशांवर येतात. ते नसतील तर पुढे जाऊ नका. दुसरी चूक म्हणजे उलटं ओतणं: जस्तात इमिडाझोल थेंब-थेंब टाकलं की सुरुवातीला जस्त जास्त, इमिडाझोल कमी असं होतं आणि झिंक हायड्रॉक्साइडचे पांढरे पापुद्रे पडतात.

आता सेंट्रिफ्यूज. १०,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १०,००० पट जोराने) १५ मिनिटं. इथे फेऱ्या आणि ‘जी’ यांची गल्लत होते. ८ सेंमी त्रिज्येच्या रोटरवर मिनिटाला १०,००० फेऱ्या म्हणजे सुमारे ८,९०० जी. महाविद्यालयातल्या टेबलावरच्या यंत्रावर, १५ सेंमी त्रिज्या आणि ४,००० फेऱ्यांवर, जेमतेम २,७०० जी मिळतात. तेवढ्यात बारीक कण खाली बसत नाहीत. मग वरच्या पाण्याबरोबर तेच ओतून दिले जातात आणि हाती जाडेभरडे उरतात. जोर कमी असेल तर वेळ तिप्पट करा आणि पहिल्या धुण्यातच मिथेनॉल घाला, त्याने कण लवकर बसतात.

मिथेनॉलने तीनदा धुवा. शेवटच्या धुण्याचं मिथेनॉल ४८० नॅनोमीटरवर ब्लँकइतकं (औषध नसलेल्या मिथेनॉलइतकं) कोरं दिसेपर्यंत थांबायचं नाही. पृष्ठभागाला नुसतं चिकटलेलं औषध धुतलं गेलं नाही, तर पुढे पहिल्या अर्ध्या तासात भसकन सुटतं आणि लोक त्याला ‘जलद प्रतिसाद’ म्हणतात.

सगळा माल वाळवू नका. वाळलेल्या झिफ-८ ची ढेकळं पुन्हा नीट सुटी होत नाहीत, सोनिकेटर कितीही चालवला तरी. माल मिथेनॉलमध्येच ठेवा. त्यातला १ मिली आधी तोललेल्या नळीत वाळवून मिलीमागे किती मिग्रॅ आहे ते काढा. पुढचं सगळं त्या आकड्यावरून.

औषध किती भरलं

वरचं पाणी मोजून ‘टाकलेलं वजा उरलेलं’ ही सोपी पद्धत इथे चालत नाही. ते पाणी अल्कलीधर्मी आहे, त्यात औषधाचा प्रकाश शोषण्याचा पट्टा लांब तरंगलांबीकडे सरकलेला असतो, आणि आपलं कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेली मोजणीची रेष) साध्या पाण्यातलं. दोन्हींचा मेळ बसत नाही.

त्यापेक्षा कणच फोडा. २ मिग्रॅ वाळलेली पावडर २ मिली ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. काही मिनिटांत द्रावण पारदर्शक होतं आणि जांभळा रंग पुन्हा नारिंगी-लाल होतो. तो परतलेला रंग म्हणजे जस्ताची पकड सुटल्याची खूण. ४८० नॅनोमीटरवर वाचा. कॅलिब्रेशनची रेषही त्याच आम्लात, २ ते ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलीची काढा. आम्लात औषधाचा साखरेचा भाग हळूहळू तुटतो, म्हणून त्याच तासात मोजून मोकळे व्हा.

उत्तर आलं की कागदावर पडताळा. २०० मिग्रॅ झिंक नायट्रेटमधून जास्तीत जास्त १५३ मिग्रॅ झिफ-८ होऊ शकतो. सगळा झिफ तयार होऊन १० मिग्रॅ औषध सगळं आत गेलं, तर भरण ६.१ टक्के. कणांचं उत्पन्न कमी आलं तर टक्का थोडा वर जाईल, पण तेव्हाही कणांचं एकूण वजन गुणिले टक्का हे १० मिग्रॅपेक्षा जास्त येऊच शकत नाही. या कृतीतून २५ टक्के भरण आलं असेल, तर आनंद करण्याआधी वजन, ब्लँक आणि गढूळपणा तपासा. न विरघळलेले कण प्रकाश विखुरतात आणि यंत्र त्यालाच औषध समजतं.

बफर: प्रयोग इथे जिंकतो किंवा हरतो

जवळजवळ प्रत्येक जण ७.४ साठी फॉस्फेट बफर घेतो, कारण ती पाकिटं तयार मिळतात. झिफ-८ साठी ही चूक आहे. फॉस्फेट जस्ताला ओढून घेतं, झिंक फॉस्फेट बनतं आणि जाळी ७.४ लाही मोडते. २० मिली फॉस्फेट बफरमध्ये १० मिलिमोलरच्या हिशेबाने २०० मायक्रोमोल फॉस्फेट असतं आणि ५ मिग्रॅ झिफ-८ मध्ये जस्त फक्त २२ मायक्रोमोल. नऊ जण एकाला ओढतायत.

म्हणून तीन बफर असे करा, प्रत्येकी ५०० मिली, १०० मिलिमोलर, आणि प्रत्येकात २.९२ ग्रॅम सोडियम क्लोराइड. ७.४ साठी हेपेस ११.९ ग्रॅम. ६.५ साठी मेस मोनोहायड्रेट १०.७ ग्रॅम. या दोन्हींचा पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने जुळवा. ५.० साठी सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट ४.३ ग्रॅम आणि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल १.०५ मिली; शेवटचा फरक थेंबांनी काढा.

१०० मिलिमोलरचा आग्रह कशासाठी? झिफ-८ विरघळताना आम्ल खातो: जस्ताच्या एका आयनामागे चार हायड्रोजन आयन. ५ मिग्रॅ कणांना सुमारे ९० मायक्रोमोल आम्ल लागतं. ५.० च्या १० मिलिमोलर ॲसिटेटच्या २० मिलीत द्यायला उरलेलं आम्ल जेमतेम ७३ मायक्रोमोल. म्हणजे बफरच आधी संपतो, पीएच चढतो आणि औषध अर्ध्यावर अडकतं. मग ‘दीर्घकाळ नियंत्रित उत्सर्जन’ असं लिहिलं जातं, प्रत्यक्षात आम्ल संपलेलं असतं. १०० मिलिमोलरला हाच साठा ७३० मायक्रोमोल. प्रयोग संपल्यावर बाहेरच्या द्रवाचा पीएच पुन्हा मोजा आणि तक्त्यात लिहा.

तापमानाकडे लक्ष असू द्या. हेपेसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०१४ ने उतरतो, ट्रिसचा त्याच्या दुप्पट. २५ अंशांना ७.४ केलेलं हेपेस ३७ ला ७.२ च्या जवळ येतं. पुस्तकातलं ‘खोलीचं तापमान’ म्हणजे २५ अंश. एप्रिल-मे महिन्यात, बाहेर पारा ४२ च्या वर असताना, आपल्या प्रयोगशाळेचं नव्हे. बफर ३७ अंशांच्या पाणकुंडात ठेवून, मीटरही त्याच तापमानाला कॅलिब्रेट करूनच जुळवा. आणि ज्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं, गार करता येत नाही, तो खोली ३८ असताना ३७ राखू शकत नाही. पडद्यावर आकडा काहीही दिसो. आत साधा थर्मामीटर ठेवा. उन्हाळ्यात हे प्रयोग थंड खोलीत हलवा नाहीतर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका.

औषध सुटणं मोजताना

१२ ते १४ किलोडाल्टनची डायलिसिसची पिशवी (सुटलेलं औषध बाहेर जाऊ देणारी, कण आत अडवणारी) पाण्यात भिजवून घ्या. आत १ मिली बफरमध्ये ५ मिग्रॅ कण, बाहेर तोच बफर २० मिली, ३७ अंश, १०० फेऱ्या, सगळं फॉइलमध्ये. अर्धा, १, २, ४, ८, १२, २४ आणि ४८ तासांनी बाहेरचा १ मिली काढा आणि तेवढाच ताजा, ३७ अंशांचा बफर घाला. काढलेल्या प्रत्येक नमुन्यात थोडं आम्ल घालून सगळे नमुने एकाच पीएचवर आणा, मगच वाचा. नाहीतर औषधाचा फरक मोजताय की रंगाचा, कळणार नाही.

काढून घेतलेल्या मिलीतलं औषध हिशेबात धरायला विसरू नका. आठव्या नमुन्यापर्यंत २१ पैकी ७ मिली बाहेर गेलेले असतात. ते मिळवले नाहीत तर आलेख शेवटी खाली वळतो, आणि सुटलेलं औषध परत कणात जात नसतं.

संवेदनशीलतेचंही गणित करा. ५ टक्के भरणाचे ५ मिग्रॅ कण म्हणजे २५० मायक्रोग्रॅम औषध. सगळं सुटलं तरी २१ मिलीत प्रकाशाचं शोषण ०.२३ च्या आसपास. दहा टक्के सुटलं असेल तेव्हा ०.०२, म्हणजे जुन्या यंत्राच्या थरथरीइतकं. सुरुवातीच्या नमुन्यांसाठी फ्लोरोमीटर मिळवा: ४८० ला उद्दीपन, ५९० ला वाचन. तो जवळ नसेल तर लांब क्युवेटची (प्रकाशाला नमुन्यातून जास्त लांब वाट देणाऱ्या पेटीची) सोय करा.

आता ज्याशिवाय हा प्रयोग छापायच्या लायकीचा होत नाही ती गोष्ट. कणांशिवाय, नुसतं २५० मायक्रोग्रॅम मोकळं औषध तशाच पिशवीत, तिन्ही बफरमध्ये ठेवा. डॉक्सोरुबिसिन स्वतःच आम्लात जास्त विरघळतं, ७.४ ला त्याचे रेणू एकमेकांना आणि पिशवीला चिकटतात, म्हणून ते मुळातच सावकाश बाहेर पडतं. समजा मोकळं औषध २४ तासांत ५.० ला ९५ टक्के आणि ७.४ ला ६० टक्के आलं. मग कणांच्या आलेखातला तेवढा फरक औषधाचा आणि पिशवीचा; उरलेला असेल तोच कणांचा. हा जोड-प्रयोग नसलेला आलेख कितीही देखणा असला तरी त्यावरून आम्ल-प्रतिसादाबद्दल काहीच म्हणता येत नाही. आमचं यावर ठाम मत आहे, आणि मार्गदर्शकांनीही इथे विद्यार्थ्याला सूट देऊ नये.

दुसरी पडताळणी: ७.४ मध्ये २४ तास राहिलेले कण गोळा करून पुन्हा एक्स-रे डिफ्रॅक्शन करा. ७.३ अंशांचा उंचवटा शाबूत असेल तर ‘रक्ताच्या पीएचला टिकतो’ म्हणायला आधार मिळतो. तरीही पूर्ण नव्हे, कारण रक्तात फॉस्फेट आहे, प्रथिनं आहेत, अमिनो आम्लं आहेत. १० टक्के सीरम घातलेल्या हेपेसमध्येही एक फेरी घ्या. तिथे उघडा झिफ-८ बऱ्यापैकी मोडलेला दिसेल. तसा दिसला तर लपवू नका. पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) किंवा सिलिकाचं आवरण का लागतं, याचं उत्तर तिथेच आहे आणि प्रबंधाचा पुढचा भागही.

प्रत्येक प्रयोग तीनदा करायचा, आणि तिन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या घाण्यांतल्या हव्यात. एकाच घाण्याचे तीन नमुने म्हणजे एकच प्रयोग तीनदा वाचलेला.

४८ तासांचा प्रयोग लावण्याआधी कॅलेंडर बघा. गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी, शनिवारची बंद इमारत, वीज जाणं, या सगळ्यांत नमुने चुकतात. चुकलेला नमुना अंदाजाने भरू नका. तो बिंदू रिकामा सोडा आणि वीज गेली ती वेळ वहीत लिहा.

पेशींवर

पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मागवता येतात. स्तनाच्या कर्करोगासाठी एमसीएफ-७ नेहमीच्या. इथे चार गट हवेत: भरलेले कण, रिकामे कण, मोकळं औषध, आणि तेवढंच जस्त व इमिडाझोल विरघळलेल्या रूपात. जस्त स्वतः पेशी मारतं. रिकाम्या कणांनीही पेशी मेल्या, तर श्रेय औषधाला देता येत नाही. पेशींच्या माध्यमातही फॉस्फेट असतं, म्हणून कण माध्यमात मिसळून रात्रभर ठेवू नका, ऐनवेळी मिसळा.

कचरा

डॉक्सोरुबिसिन लागलेले हातमोजे, टिप्स, पिशव्या, धुण्याचं मिथेनॉल यांतलं काहीही बेसिनमध्ये किंवा घंटागाडीत जाऊ द्यायचं नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे उरलेलं सायटोटॉक्सिक (पेशी मारणारं) औषध पुरवठादाराकडे परत जातं किंवा १,२०० अंशांच्या वर जाळलं जातं. ते पिवळ्या, ‘सायटोटॉक्सिक’ लिहिलेल्या पिशवीत वेगळं ठेवा आणि अधिकृत कचरा प्रक्रिया केंद्राकडे द्या. मिथेनॉलच्या बाटलीवर आत काय आहे ते मराठीतही लिहा, कारण संध्याकाळी खोली झाडणाऱ्या मावशींना इंग्रजी लेबल वाचता येईलच असं नाही. सांडलं तर आधी कोरड्या कागदाने टिपा, मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटने पुसा. लाल रंग जाईपर्यंत. त्याच जागी आम्ल सांडलेलं असेल तर हायपोक्लोराइट लावू नका, क्लोरीन वायू सुटतो. आधी पाण्याने आम्ल काढा.